चालता संगणक मोडीत का काढायचा?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली. त्याच्या आगेमागे पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, पाण्याचे टँकर आणि पार्किंगच्या भांडणांतून वाट काढत, एक प्रश्न हमखास येऊन गेला: "अकरा टाकायचं का?" अकरा म्हणजे पुढची प्रणाली, विंडोज ११. उत्तरंही ठरलेली. हिंजवडीत नोकरी करणारा एखादा सांगतो, लगेच टाका, नाहीतर खात्यातले पैसे जातील. बँकेतून निवृत्त झालेले एखादे काका म्हणतात, दहा झकास चाललंय, चालत्या गाडीला खीळ कशाला? तिसरा कोणी काही न बोलता तापकीर गल्लीतल्या दुकानदाराचा नंबर टाकून मोकळा होतो.

तिघांच्याही म्हणण्यात थोडंथोडं तथ्य आहे. पण हा ज्याच्या त्याच्या घरातला निर्णय आहे असं तिघंही धरून चालतात, आणि ते मला मान्य नाही. घरापुरता निर्णय तसा अवघड नाही. तो पुढे सांगतोच. खरी गोम वेगळी आहे. धडधाकट यंत्राचं आयुष्य कधी संपलं हे एकट्या विकणाऱ्याने ठरवायचं आणि आपण फक्त नवं घ्यायचं की धोका पत्करायचा एवढंच पाहायचं, ही वाटणी आपण मुकाट्याने मान्य करून टाकली आहे.

आधी नेमकं काय थांबलं ते पाहू, कारण त्याबद्दल घबराट आणि बेफिकिरी दोन्ही उदंड आहेत. १५ ऑक्टोबरला कोणाचाही संगणक बंद पडला नाही. एक्सेल उघडलं, प्रिंट निघाली, नातवाचा व्हिडिओ कॉल लागला. थांबली ती दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येणारी सुरक्षा दुरुस्ती. एवढ्या अवाढव्य प्रणालीत भोकं सापडतच राहतात आणि ती बुजवण्याचं काम कधी संपत नाही. त्यात एक गंमत अशी, की दहा आणि अकरा यांच्या आतला बराचसा कोड सामाईक आहे. अकरासाठी दुरुस्ती आली, की ती उलगडून पाहणाऱ्याला भोक नेमकं कुठे होतं ते कळतं आणि तेच भोक दहामध्ये उघडं असेल का, हेही तपासता येतं. म्हणजे देखभाल संपल्यावर जुनी प्रणाली आहे तिथेच राहत नाही. महिन्यागणिक अधिक उघडी पडत जाते. "इतकी वर्षं काही झालं नाही" हा काकांचा युक्तिवाद इथे लंगडा पडतो, कारण इतकी वर्षं दुरुस्ती येत होती.

पण हिंजवडीवाल्याचं "नवं म्हणजे सुरक्षित" हेही तितकंच कच्चं आहे. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला तेव्हाची गोष्ट आठवून पाहा. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांचे व्यवहार ठप्प झाले, आपल्याकडे आंध्र प्रदेश पोलिसांचे काही संगणक अडकले. त्या वेळी बहुतेकांनी दोष दिला तो विंडोज एक्सपीला, कारण तिची देखभाल २०१४ मध्येच संपली होती. प्रत्यक्षात सर्वाधिक बळी गेले ते विंडोज ७ चे, आणि तिची देखभाल तेव्हा चालू होती. ज्या भोकातून वॉनाक्राय शिरला, त्याची दुरुस्ती मार्चमध्येच येऊन पडली होती. लोकांनी ती लावली नव्हती. "अपडेट अँड शटडाउन" दिसलं की कपाळाला आठ्या घालून नुसतं शटडाउन दाबणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. प्रणालीचा आकडा दहा आहे की अकरा, याला मी दुय्यम मानतो. दुरुस्ती येते का आणि आलेली लागते का, हे पहिलं. ती येत नसेल, तर त्या यंत्राला इंटरनेटची जोडणी ठेवू नये. घरापुरता नियम एवढाच.

मग सगळ्यांनी अकरा टाकून मोकळं व्हावं, फुकटच तर आहे! इथे अडचण सुरू होते. अकराला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते, सिक्युअर बूट, म्हणजे संगणक सुरू होतानाची तपासणी, लागतं आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत ही यादी, मोजके अपवाद सोडले, तर आठव्या पिढीपासून सुरू होते. २०१७ च्या दिवाळीत कोणी सातव्या पिढीचा आय-सेव्हन घेतला असेल, पुढे त्यात एसएसडी बसवली असेल, रॅम वाढवली असेल, तर आज तो कित्येक नव्या स्वस्त लॅपटॉपना मागे टाकेल. त्यात टीपीएमही असू शकतं. तरीही यादीत नाव नाही म्हणून तो बाद.

ही रेघ तांत्रिक कारणासाठीच ओढली असती, तर निदान समजून घेता आलं असतं. पण २०२१ मध्ये याच यादीत सातव्या पिढीचा एक प्रोसेसर मागाहून घुसवला गेला: आय-सेव्हन ७८२०एचक्यू. हा प्रोसेसर सरफेस स्टुडिओ २ मध्ये होता. सरफेस स्टुडिओ २ हे मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं, तेव्हा बाजारात असलेलं यंत्र. आपल्या दुकानातलं गिऱ्हाईक नाराज होऊ नये म्हणून जी रेघ सरकते, ती इतरांसाठी दगडावरची असू शकत नाही.

यूट्यूब पाहून ही तपासणी चुकवता येते, हे खरं. आमच्याकडचे बरेच हुशार भाचे-पुतणे तेच करून देतात. पण अशा यंत्राला पुढे दुरुस्त्या मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही. ज्या कारणासाठी खटाटोप केला, तेच अधांतरी राहतं. खेळण्यापुरतं ठीक आहे. ज्यावर जीएसटीचं विवरणपत्र भरायचं, त्यावर हा उद्योग मी करणार नाही.

कंपनीची बाजू अशी मांडली जाते, की एखादी प्रणाली दहा वर्षं सांभाळली, आणखी किती सांभाळायची? ऐकायला रास्त वाटतं. पण ही दहा वर्षं मोजली आहेत २९ जुलै २०१५ पासून, म्हणजे प्रणाली बाजारात आली त्या दिवसापासून. गिऱ्हाईक मोजतं बिल फाटलं त्या दिवसापासून. मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या संकेतस्थळावर विंडोज १० विकणं थांबवलं ३१ जानेवारी २०२३ ला. त्या महिन्यात पूर्ण पैसे मोजून परवाना घेतलेल्याच्या वाट्याला आली तीन वर्षांहूनही कमी देखभाल. आणि २०१५ मध्ये, हेच विंडोजचं शेवटचं रूप, यापुढे याच्यातच सुधारणा होत राहतील, असं कंपनीच्याच एका माणसाने व्यासपीठावरून सांगितलं होतं. ते जगभर छापून आलं आणि कंपनीने ते खोडून काढलं नाही.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, या दुरुस्त्या लिहिणं काही थांबलेलं नाही. कारखान्यातली यंत्रं, दुकानातली बिलिंग मशीन वगैरेंसाठी विंडोज १० ची जी खास दीर्घ मुदतीची आवृत्ती आहे, तिची देखभाल जानेवारी २०३२ पर्यंत चालणार आहे. म्हणजे दुरुस्ती तयार होणार, तपासली जाणार, वाटलीही जाणार. फक्त घरातल्या आणि शाळेतल्या संगणकाच्या तोंडावर, पुढे सांगतो ती थोडक्या वर्षांची मुदतवाढ संपली की, दार लावलेलं असणार. परवडत नाही म्हणून देखभाल बंद केली, हे म्हणणं मला म्हणूनच पटत नाही.

सर्वसामान्यांसाठी एक वर्षाची मुदतवाढ ठेवली आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. तिचे मार्ग तीन: ३० डॉलर भरा, म्हणजे साधारण अडीच-पावणेतीन हजार रुपये; किंवा मायक्रोसॉफ्टचे १००० रिवॉर्ड पॉइंट द्या; किंवा आपल्या संगणकाच्या सेटिंगची प्रत त्यांच्या क्लाउडवर ठेवायला संमती द्या, मग पैसे नकोत. तिन्हींत मायक्रोसॉफ्टचं खातं हवंच. एका खात्यावर दहा संगणकांपर्यंत ही सोय चालते, हे मात्र दुकानदार आपणहून सांगत नाहीत. अकरा न झेपणारा पण अजून धट्टाकट्टा संगणक ज्यांच्या घरी आहे, त्यांनी ही मुदतवाढ जरूर घ्यावी.

युरोपात मात्र हीच मुदतवाढ प्रतीची अट लादल्याशिवाय, फुकट मिळाली. तिथल्या ग्राहक संघटनांनी अटींवर आक्षेप घेतला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने युरोपीय देशांपुरत्या त्या सैल केल्या. प्रणाली तीच, दुरुस्ती तीच. फरक एवढाच, की तिथे कोणीतरी भांडलं. ग्राहकाने भांडायचं असतं हे पुण्याला कोणी शिकवायला नको. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायतीचं काम याच शहरात उभं केलं आणि ग्राहक संरक्षण कायदा त्यानंतर १२ वर्षांनी आला. त्या शहरात या विषयावर जी चर्चा झाली ती "कुठला लॅपटॉप घेऊ, बजेट पन्नास हजार" याच्यापुढे गेली नाही.

आता सरसकट उत्तर का चालत नाही ते पाहू. नारायण पेठेतल्या एका डीटीपीवाल्यांकडे माझं जाणं-येणं असतं. लग्नपत्रिका, गणपती मंडळांचे अहवाल, संस्थांची स्मरणिका अशी कामं. त्यांच्या मधल्या टेबलावरच्या संगणकात पेजमेकर आहे. या सॉफ्टवेअरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ मध्ये आली. त्यासोबत युनिकोडच्या, म्हणजे सगळीकडे सारख्या चालणाऱ्या अक्षर-संकेताच्या, आधीचे मराठी फाँट, काही श्रीलिपीचे, काही सीडॅक या सरकारी संगणक संस्थेच्या आयएसएमचे. दोन्ही पुण्यातलीच पैदास. संगणकाच्या मागे यूएसबीत एक छोटं कुलूप, म्हणजे डाँगल, सेलोटेपने चिकटवून ठेवलंय, कारण ते हललं की फाँट गायब. आणि हार्ड डिस्कवर वीस वर्षांच्या फाइली. गिऱ्हाईक येतं आणि सांगतं, "थोरलीच्या लग्नात केली होती तशीच करा, फक्त नावं आणि तारीख बदला." काका पाच मिनिटांत फाइल उघडतात, नावं बदलतात, पैसे घेतात. हा त्यांचा धंदा आहे.

"ह्याला नवं घालून मला काय मिळणार?" असं ते विचारतात तेव्हा त्यांना "सुरक्षा" हे उत्तर देणं फुकाचं आहे. अकरावर पेजमेकर एखादवेळी चालेलही, पण डाँगलचा ड्रायव्हर चालेल का, अक्षरं जागेवर राहतील का, जोडाक्षरं फुटतील का, हे काम अंगावर असताना कोणी तपासून बघायचं? माझ्या मते त्यांनी त्या संगणकाला हात लावू नये. वायफाय मात्र काढून टाकावं. मेल, व्हॉट्सअॅप आणि यूपीआयचा हिशेब शेजारच्या दुसऱ्या, दुरुस्ती येणाऱ्या संगणकावर, आणि दोघांमध्ये ये-जा करणारा पेन ड्राइव्ह आधी त्या दुसऱ्यावर तपासून. गिऱ्हाइकांचे पेन ड्राइव्ह मधल्या टेबलावर थेट लावायचे नाहीत. हीच अट सर्वांत जड जाते, कारण मुहूर्त जवळ आलेलं गिऱ्हाईक थांबायला तयार नसतं.

याच न्यायाने एखाद्या पतसंस्थेने मात्र "आमचं जुनंच बरं" म्हटलं, तर ते खपवून घेऊ नये. डॉसच्या काळात फॉक्सप्रोमध्ये लिहिलेला हिशेबाचा प्रोग्रॅम, तो लिहिणारा कधीच अमेरिकेला गेलेला, आणि तो चालावा म्हणून राखलेला ३२ बिटांचा विंडोज १०: हे चित्र अजून पाहायला मिळतं. अकराची ३२ बिटांची आवृत्तीच निघाली नाही, त्यामुळे जुने १६ बिटांचे प्रोग्रॅम तिथे उघडणारच नाहीत. संचालकांना हे कारण सोयीचं वाटतं. पण डीटीपीवाल्या काकांचा धोका त्यांचा स्वतःचा आहे; पतसंस्थेत धोका सभासदांच्या ठेवींचा. रिझर्व्ह बँकेने हा फरक बरोबर ओळखला होता. देशातली असंख्य एटीएम एक्सपीवर चालत राहिली, तेव्हा २१ जून २०१८ च्या परिपत्रकाने बँकांना टप्पे घालून दिले: सप्टेंबर २०१८ पर्यंत किमान पाव, डिसेंबरपर्यंत निम्मी, मार्च २०१९ पर्यंत पाऊण आणि जूनपर्यंत सगळी एटीएम देखभाल असलेल्या प्रणालीवर. त्यानंतर दोनच महिन्यांनी पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटी रुपये गेले. तो हल्ला मुख्यतः एटीएमच्या स्विचवर, म्हणजे एटीएम आणि बँक यांना जोडणाऱ्या यंत्रणेवर होता, त्याचं खापर जुन्या विंडोजवर फोडता येणार नाही. पण दुसऱ्याच्या पैशाला हात लागतो तेव्हा तो किती झपाट्याने लागतो, हे त्या ऑगस्टमध्ये शहराने पाहिलं. पतसंस्थांनाही सहकार खात्याने असेच टप्पे घालून द्यायला हवेत. सॉफ्टवेअर बदलाचा खर्च होईल, वार्षिक सभेत आरडाओरडा होईल. होऊ द्यावा.

शाळांचं गणित आणखी निराळं. मायक्रोसॉफ्टने शैक्षणिक संस्थांसाठी तीन वर्षांची मुदतवाढ ठेवली आहे आणि तिचा दर एका संगणकामागे पहिल्या वर्षी १ डॉलर, दुसऱ्या वर्षी २, तिसऱ्या वर्षी ४ असा आहे. कंपन्यांना पहिल्याच वर्षी ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट, त्या मानाने ही रक्कम म्हणजे चहापाण्याचा खर्च. तेव्हा "जुने झाले" या एका शेऱ्यावर शाळेच्या लॅबमधले संगणक निर्लेखित होत असतील, तर पालकांनी तो शेरा मागवून घेऊन वाचावा. दुसरा रस्ता लिनक्सचा, म्हणजे विंडोजऐवजी फुकट मिळणाऱ्या प्रणालीचा. केरळच्या सरकारी शाळा वर्षानुवर्षं त्यावर चालतात, आणि आपल्या सीडॅकनेही बॉस नावाची लिनक्स प्रणाली काढली आहे. उबुंटू किंवा मिंट ही लिनक्सची रूपं जुन्या संगणकावर सहज बसतात, मराठी युनिकोड नीट दिसतं, ब्राउझर तोच. फक्त फेसबुक, बँक आणि आकाशवाणी ऐकणं एवढाच वापर असलेल्या आईवडिलांना फरकही जाणवत नाही. मात्र ज्यांचं पोट टॅलीवर आहे, त्यांना लिनक्सचा उपदेश करू नये. त्यांचं काम तिथे होत नाही आणि उपदेश करणारा रात्री फोन उचलत नाही.

जे अकरा टाकणार आहेत, त्यांना एकच गोष्ट सांगतो, कारण ती दुकानात राहून जाते. नव्याने बसवलेलं अकरा बऱ्याचदा डिस्क आपणहून कुलूपबंद करतं आणि त्या कुलपाची ४८ अंकी किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जाऊन पडते. हे खातं दुकानातल्या पोराने घाईत काढून दिलेलं असतं, ईमेल कुठला आणि पासवर्ड काय, हे मालकाला ठाऊक नसतं. पुढे कधी यंत्र बिघडलं की निळा पडदा किल्ली मागतो आणि फोटोंसकट सगळं आत अडकतं. दुकान सोडण्यापूर्वी ती किल्ली कागदावर लिहून घ्यावी, आणि प्रणाली बदलण्याआधी सगळ्या फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर. "काही जात नाही हो साहेब" या वाक्यावर विसंबू नये.

आणि जे नवा घेऊन जुना टाकणार, त्यांचा जुना जातो कुठे? पुण्यात 'स्वच्छ'च्या कचरावेचक सहकारी संस्थेमार्फत ई-कचरा गोळा होतो, ही चांगली गोष्ट. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकावर टाकली, तीही चांगली. पण ही जबाबदारी यंत्र बनवणाऱ्याची आहे. ज्याच्या एका निर्णयाने चालतं यंत्र कचरा ठरलं, तो सॉफ्टवेअरवाला या हिशेबात कुठेच नाही.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली तेव्हा चार क्षेत्रं निवडली: शेतीची अवजारं, मोबाइल-टॅबलेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं. संगणक राहून गेला. पुढे मोबाइलसाठी दुरुस्तीयोग्यतेचा निर्देशांक सुचवला गेला, त्यात सॉफ्टवेअर अपडेट हा एक निकष धरला आहे. तो निकष संगणकाला लावायला काय हरकत आहे? युरोपच्या नव्या कायद्यानुसार डिसेंबर २०२७ पासून विकल्या जाणाऱ्या डिजिटल वस्तूंना, काही अपवाद वगळता, किमान पाच वर्षं सुरक्षा दुरुस्ती देणं बंधनकारक होईल. मला पाच वर्षंही थोडी वाटतात, पण आपल्याकडे तेवढंही नाही. बिस्किटाच्या पुड्यावर कधीपर्यंत खायचं ते छापलेलं असतं. पन्नास हजारांच्या खोक्यावर सुरक्षा कधीपर्यंत मिळणार, याचा पत्ता नसतो. निदान ती तारीख छापा, खरेदीच्या दिवसापासून मोजा, आणि त्यानंतर कुठेही ती दुरुस्ती तयार होत असेल तर ती सगळ्यांना द्या, एवढी मागणी अवाजवी नाही.

याची सुरुवात तर कायद्याशिवायही करता येईल. महापालिका, विद्यापीठ, जिल्हा परिषद हे सगळे संगणकांचे घाऊक गिऱ्हाईक. निविदेत ते रॅम किती, स्क्रीन किती इंची, कीबोर्डवर मराठी अक्षरं आहेत की नाहीत, हे सगळं लिहितात. त्याच कागदात, यंत्र ताब्यात आल्यापासून आठ वर्षं सुरक्षा दुरुस्ती विनामूल्य मिळेल आणि न मिळाल्यास पुरवठादार दंड भरेल, असं एक कलम घालायला दिल्लीच्या समितीची वाट पाहावी लागत नाही.